नकाशावर सरकलेलीं गांवें

एखाद्या गांवचें देऊळ नदीच्या अलीकडच्या कांठावर असतां नकाशांत तें पलीकडच्या कांठावर दिसूं लागलें, तर नकाशा चुकीचा आहे असें म्हणून आपण मोकळे होतों. पण दोन नकाशे आहेत, दोन्ही विश्वासू हातांनीं काढलेले आहेत, दोन्ही आपापल्या जागीं बरोबर आहेत. आणि एकावर एक ठेवतांच मात्र त्यांतील देवळें, विहिरी आणि वेशी एकमेकींपासून दूर सरकतात, असें झालें म्हणजे दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा? हा प्रश्न आज पुष्कळांपुढें उभा राहूं लागला आहे. साऱ्या जगाचा नकाशा आतां खिशांतल्या फोनवर उलगडतो. त्यावर आपल्या तालुक्याचा जुना सरकारी नकाशा, मैलास एक इंच या प्रमाणाचा, पसरून पाहण्याचा उद्योग इतिहासाचे अभ्यासक करितात, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर करितात, धरणाखालीं गेलेलें आपलें गांव शोधणारीं माणसेंही करितात. आणि तेथें गांव सरकतें. तें किती सरकलें आणि कोणत्या दिशेस सरकलें, यांतच त्या सरकण्याचें कारण लिहिलेलें असतें. मात्र तें वाचतां येण्यास चारशें वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

पृथ्वी वांकडी आणि कागद सपाट, हें सर्व अडचणींचें मूळ. संत्र्याची साल न फाडतां, न ताणतां मेजावर पसरतां येत नाहीं. तसेंच पृथ्वीच्या पृष्ठाचें. कोठें ताणावयाचें आणि कोठें फाडावयाचें याचा जो नियम ठरवावा लागतो त्यास शास्त्रांत प्रक्षेपण म्हणतात. असे नियम शेंकडों आहेत; पण त्यांतील एकाची कीर्ति इतरांच्या वांट्यास आली नाहीं. गेरार्ड मर्केटर हा फ्लँडर्समध्यें १५१२ सालीं जन्मलेला कारागीर. पाखंडाच्या आरोपावरून १५४४ सालीं त्यास कांहीं महिने तुरुंगांत काढावे लागले. पुढें तो ड्युइसबुर्ग येथें जाऊन राहिला आणि तेथेंच १५६९ सालीं त्यानें अठरा पत्र्यांचा आपला जगाचा नकाशा छापला. त्याचा हेतु खलाशांच्या सोयीचा होता. होकायंत्रावरील एकच दिशा धरून जहाज चाललें तर त्याचा मार्ग नकाशावर सरळ रेषेनें दाखवितां यावा, एवढेंच त्यास साधावयाचें होतें. त्यासाठीं ध्रुवाकडे जातां जातां अक्षवृत्तांमधील अंतर त्यानें वाढवीत नेलें. हें वाढविण्याचें गणित त्यानें कोठें सांगून ठेविलें नाहीं. तें इंग्लंडांत एडवर्ड राइट यानें १५९९ सालीं कोष्टकरूपानें प्रसिद्ध केलें. या नियमांत प्रत्येक लहानशा जागीं कोन जसेच्या तसे राहतात. त्याची किंमत क्षेत्रफळानें द्यावी लागते: ग्रीनलंड हिंदुस्थानापेक्षां वस्तुतः लहान असून या नकाशावर कितीतरी मोठें दिसतें. शाळेच्या भिंतीवरील या अन्यायाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, तेव्हां त्यांत अधिक न शिरतां पुढें जाऊं.

मर्केटरच्या काळीं पृथ्वी शुद्ध गोल होती. म्हणजे विद्वान् तशी समजत. न्यूटननें १६८७ सालीं आपल्या ग्रंथांत ती ध्रुवांपाशीं दबलेली असली पाहिजे असें गणितानें मांडलें, आणि फ्रेंचांनीं १७३५ सालीं पेरूकडे व पुढच्या वर्षीं लॅपलंडकडे मोजणीदार धाडून तें खरें ठरविलें. हा दबलेपणा फार नाहीं. मध्यापासून विषुववृत्तापर्यंतचें अंतर हें ध्रुवापर्यंतच्या अंतरापेक्षां सुमारें २१ किलोमीटरांनीं अधिक, इतकेंच. साडेसहा हजारांच्या घरांतील त्रिज्येपुढें हें कांहींच नव्हे. परंतु नेमका हा दबलेपणा किती, याचें उत्तर मोजणीच्या प्रत्येक देशांत थोडें थोडें निराळें आलें, आणि प्रत्येक देशानें आपलें उत्तर धरून आपले नकाशे रचले.

आपल्या देशांतील हें काम विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ आधाररेषा मोजून आरंभिलें. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट बरोबर घेऊन डोंगरांवर, मनोऱ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढत, त्रिकोणास त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकत राहिला. तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवितांना १८०८ सालीं तें यंत्र दोर तुटून आदळलें, तेव्हां त्यानें स्वतः बसून तें दुरुस्त केलें. वीस वर्षांनंतर, १८२३ च्या जानेवारींत, तो नागपुराच्या वाटेवर आपल्या हिंगणघाट येथें मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे. त्याचें काम जॉर्ज एव्हरेस्टनें पुढें नेलें आणि १८३० सालीं पृथ्वीच्या दबलेपणाचे व आकाराचे आंकडे ठरविले. तोच हिंदुस्थानच्या नकाशांचा ‘एव्हरेस्ट गोल’. मध्य प्रदेशांत सिरोंजजवळ कल्याणपूर म्हणून एक ठिकाण आहे. तेथें हा कल्पित गोल खऱ्या भूमीस टेकविला, आणि तेथून सर्व देशाचे अक्षांश-रेखांश वांटले गेले.

येथें वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. एव्हरेस्टचा गोल हिंदुस्थानच्या पृष्ठाशीं उत्तम जुळावा अशा बेतानें बसविला होता. साऱ्या पृथ्वीशीं तो जुळतो कीं नाहीं याची चिंता करण्याचें कारण त्या वेळीं नव्हतें. त्यामुळें त्या गोलाचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून आठशें मीटरांहून थोडा अधिक दूर राहिला. पुढें कृत्रिम उपग्रहांचें युग आलें. उपग्रह पृथ्वीच्या खऱ्या मध्याभोंवतीं फिरतात, त्यांस सिरोंजच्या टेकडीशीं कर्तव्य नाहीं. तेव्हां १९८४ सालीं सर्व पृथ्वीसाठीं एक नवा गोल आणि नवी मांडणी ठरली. आपल्या फोनांतील स्थानदर्शक यंत्र जे आंकडे देतें ते या १९८४ च्या पृथ्वीवरचे. एकच विहीर, जागची हाललेली नाहीं. पण एव्हरेस्टच्या पृथ्वीवर तिचे अक्षांश-रेखांश एक आणि १९८४ च्या पृथ्वीवर दुसरे. जुन्या नकाशावरचे आंकडे न बदलतां तसेच नव्या नकाशावर मांडले, तर प्रचलित परिवर्तनसूत्राप्रमाणें पुण्याकडील गांव सुमारें शंभर मीटर दक्षिणेस आणि ऐशी मीटर पूर्वेस जाऊन बसतें. नागपुराकडे दक्षिणेकडचें सरकणें ऐशी मीटरांवर येतें आणि पूर्वेकडचें दीडशांवर जातें.

‘एव्हरेस्ट’ या एकाच नांवाखालींही पुन्हां भाऊबंदकी आहे. मूळचे आंकडे फुटांत होते, आणि हिंदी फूट म्हणजे किती मीटर यासंबंधीं निरनिराळ्या वेळीं निरनिराळे मत झालें. म्हणून कोणी या गोलाची मोठी त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर लिहितात तर कोणी ६३,७७,३०१ मीटर. ज्यास नुसतें ‘एव्हरेस्ट’ एवढेंच सांगितलें, त्यास पुरतें कांहींच सांगितलें नाहीं.

याहून जुन्या पत्र्यांवर आणखी एक मौज आढळते. एकोणिसाव्या शतकांतले रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजलेले असत, आणि त्या वेधशाळेचें ग्रीनिचपासूनचें अंतर आरंभीं थोडें अधिक धरलें गेलें होतें. तारायंत्राच्या साहाय्यानें दोन्हीकडच्या घड्याळांचा मेळ घालतां येऊं लागल्यावर ती चूक उघडकीस आली. तेव्हां सर्व देशाचे रेखांश २ कला २७ विकला कमी करावे लागले. आपल्या अक्षांशावर हें अंतर सव्वाचार किलोमीटरांच्या वर जातें! म्हणजे जुना पत्रा नव्या नकाशावर ठेवतांच गांव शेजारच्या गांवाच्याही पलीकडे गेलें, आणि गेलें तें नीट पूर्वेकडेच, तर पत्रा कोणत्या काळचा आहे हें प्रथम पाहावें.

आतां इंटरनेटवरील नकाशाकडे वळूं. घराच्या जमिनीवर लाद्या बसवाव्या तसा हा नकाशा बसविलेला असतो. सर्व जगाची एक चौरस लादी, २५६ ठिपके रुंद आणि तितकीच उंच. जवळ जाऊन पाहावयाचें तर तिच्या चार लाद्या, मग सोळा, मग चौसष्ट. अठराव्या पायरीवर ही संख्या सहा हजार आठशें एकाहत्तर कोटींच्या वर जाते. प्रत्येक लादीस तिच्या ओळीचा व रांगेचा क्रमांक असतो, आणि आपण पडदा सरकवितों तेव्हां लागतील तेवढ्याच लाद्या दूरच्या कोठारांतून मागविल्या जातात. ही युक्ति सर्वतोमुखीं झाली ती २००५ सालीं निघालेल्या गूगलच्या नकाशामुळें. पहिल्या कांहीं महिन्यांत गूगलचें प्रक्षेपण निराळें होतें. त्यांत स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडील शहरांत काटकोनांत मिळणारे रस्ते तिरपे मिळतांना दिसत. रस्ता शोधणाऱ्यास हें चालण्यासारखें नाहीं. म्हणून साडेचारशें वर्षांच्या म्हाताऱ्या मर्केटरास पुन्हां कामावर बोलावण्यांत आलें. समुद्रावरच्या खलाशासाठीं जपलेला कोन आतां शहरांतल्या चौकासाठीं उपयोगी पडला. मर्केटरचा नकाशा ध्रुवाकडे अनंतापर्यंत लांबत जातो. तो ८५ अंशांच्या किंचित् पुढें कापला कीं बरोबर चौरस होतो, आणि चौरसाच्या लाद्या पाडणें सोपें.

येथवर सर्व ठीक होतें. पण अक्षांश कोठून आणावयाचे? ते १९८४ च्या चपट्या पृथ्वीवर मोजलेले. आणि नकाशावर त्यांची उंची काढण्याचें गणित? तें शुद्ध गोलाचें, कारण चपट्या गोलाचें सूत्र लांबलचक आणि शुद्ध गोलाचें आटोपशीर. कोट्यवधि लाद्यांचा हिशेब करावयाचा असतां ही काटकसर केवळ आळस होती असें मी म्हणणार नाहीं. परंतु परिणाम असा झाला कीं, एका पृथ्वीचे आंकडे दुसऱ्या पृथ्वीच्या सूत्रांत घातले गेले. सर्व लाद्या एकाच रीतीनें केलेल्या, तेव्हां त्या आपापसांत बिनचूक जुळतात. भांडण सुरू होतें तें बाहेरचा पाहुणा आला म्हणजे.

हें भांडण पंडितांमध्यें प्रथम पेटलें. पेट्रोलियम काढणाऱ्या युरोपीय कंपन्यांच्या मोजणीदारांनीं १९८६ सालीं एक मंडळ स्थापिलें होतें. तेलाची विहीर भलत्या ठिकाणीं खणली तर नुकसान किती होतें हें त्यांस कोणी शिकवावयास नको होतें. जगांतील प्रत्येक मापनपद्धतीस एक क्रमांक देऊन तिचें पूर्ण वर्णन नोंदवून ठेवणें हें या ई.पी.एस.जी. मंडळाचें कार्य. इंटरनेटवरील नकाशाची पद्धति त्यांच्यापुढें आली तेव्हां, ही शास्त्रदृष्ट्या सदोष आहे, हिला नोंदवहींत घेऊन आम्ही वहीची किंमत उतरविणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. मोजणीदाराच्या दृष्टीनें हें उत्तर रास्तच होतें. पण ज्या पद्धतीचा नकाशा रोज कोट्यवधि लोक पाहूं लागले होते, तिला नांवच नसावें यानें गोंधळ थांबला नाहीं, उलट वाढला. नांवावांचून आज्ञावली लिहिणारांचें अडतें. त्यांनीं आपल्याच मनानें ९००९१३ हा क्रमांक पाडला. रोमन लिपींत ‘गूगल’ या नांवाचीं अक्षरें ज्या आंकड्यांसारखीं दिसतात ते हे आंकडे! अखेर २००८ सालीं मंडळानें ३७८५ हा क्रमांक दिला, मग तोही मागें घेऊन ३८५७ हा दिला, आणि आज तोच चालतो. अमेरिकेच्या लष्करी नकाशाखात्यानें मात्र २०१४ सालीं आपल्या कामांत ही पद्धति वापरूं नये अशी सूचना काढली. एकाच वस्तूस तीन क्रमांक असल्यामुळें जुन्या आज्ञावलींत तिन्ही आढळतात, आणि नवा माणूस त्या तीन निराळ्या वस्तु समजतो.

या दोन पृथ्वींच्या मिश्रणानें गांव किती सरकतें? चपट्या गोलाचें खरें मर्केटर सूत्र वापरून काढलेला थर शुद्ध गोलाच्या लाद्यांवर ठेवला तर पुण्याच्या अक्षांशावर जागा सुमारें १३ किलोमीटर दक्षिणेस पडते. पूर्व-पश्चिम मात्र ती केसभरही हालत नाहीं. रशियांतील यांडेक्स या नकाशानें खरें चपटें सूत्रच धरलें होतें, तेव्हां त्याच्या लाद्या गूगलच्या लाद्यांशेजारीं मांडणारांस हा अनुभव हटकून येई. पुढची गंमत अशी कीं, अक्षांश एका पृथ्वीवरून दुसरीवर नेणारी प्रामाणिक आज्ञावलीही येथें फसते. ‘नकाशा शुद्ध गोलाचा आहे’ एवढेंच तिला सांगितलें, तर बिचारी कर्तव्यबुद्धीनें चपट्या पृथ्वीवरचे अक्षांश शुद्ध गोलावर आणून देते, आणि तेवढ्यानेंच जागा तितक्याच १३ किलोमीटरांनीं दक्षिणेस घसरते. म्हणून जुन्या व्याख्येंत तिला एक मुद्दाम रिकामा तक्ता द्यावा लागे: अक्षांश आहेत तसेच राहूं दे, फक्त सूत्र गोलाचें लाव. या रिकाम्या तक्त्याचा शब्द कोणीतरी निरुपयोगी समजून गाळतो, आणि सारा तालुका खालीं सरकतो.

अशा वेळीं पुष्कळ जण जो उपाय करितात तो मला वैद्यानें ताप उतरविण्यासाठीं थर्मामीटर थंड पाण्यांत बुडवावें तसा वाटतो. थर १३ किलोमीटर खालीं गेला आहे ना? मग तो १३ किलोमीटर वर ढकलून द्यावा. पुणें जुळतें, माणूस समाधान पावतो. परंतु हेंच सरकणें कन्याकुमारीस सुमारें ६ किलोमीटर असतें, नागपुरास १४ च्या थोडें वर आणि श्रीनगरास जवळ जवळ २०. एका गांवीं जुळविलेला थर दुसऱ्या गांवीं पुन्हां खोटा पडतो, आणि मग तो दुसरा माणूस आपल्या गांवापुरता आणखी एक धक्का देतो. अशा धक्क्यांची कोठें नोंद राहत नाहीं. खरा उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक थर कोणत्या पृथ्वीवर मोजला आणि कोणत्या नियमानें पसरला हें आधीं शोधावयाचें, तें आज्ञावलीस स्पष्ट सांगावयाचें, आणि जुन्या आंकड्यांपासून नव्या आंकड्यांपर्यंतचा सारा प्रवास सूत्रानेंच करवावयाचा.

शोधण्यास सरकण्याची मात्रा उपयोगी पडते हें वर आलेंच. सरळ उत्तर-दक्षिण आणि कित्येक किलोमीटर, तर शुद्ध गोल व चपटा गोल यांची गल्लत. शंभर-दीडशें मीटर आणि तिरकस, तर एव्हरेस्ट. पण कांहीं चुका अशा उघड्या असतात कीं मात्रा मोजावीच लागत नाहीं. पुणें शोधावें आणि तें आफ्रिकेच्या पश्चिमेस, गिनीच्या आखातांत, विषुववृत्तावर सांपडावें, असें झालें कीं अंश हे मीटर समजून मांडले आहेत असें जाणावें. कारण ७४ पूर्व आणि १८॥ उत्तर म्हणजे मग शून्याच्या ठिकाणापासून ऐशी मीटरांच्या आंतच कीं. पुणें उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वे व स्पिट्सबर्गेन यांच्यामधील ओसाड बेअर बेटानजीक समुद्रांत दिसलें, तर अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. या दोहोंपैकीं कोण पहिला, हा वाद जुना आहे: भूगोलवाले अक्षांश आधीं म्हणतात, गणितवाले आडवें माप आधीं म्हणतात, आणि नकाशा पुरविण्याच्या करारांतही एका आवृत्तींत एक व पुढच्या आवृत्तींत दुसरा क्रम आला. तिसरी तऱ्हा लाद्यांच्या रांगांची. कोणी रांगा उत्तरेकडून मोजतो, कोणी दक्षिणेकडून. दोघांची गांठ पडली कीं सह्याद्रि विषुववृत्त ओलांडून मॉरिशसच्या पूर्वेस हिंदी महासागरांत जातो.

या मोठ्या चुकांस मी भीत नाहीं. त्या पाहणारा हसतो आणि दुरुस्त करितो. भय आहे तें शंभर मीटरांच्या चुकीचें. गांव तेथेंच दिसतें, नदी तेथेंच दिसते, सर्व कसें संभवनीय वाटतें. परंतु खेड्यांत शंभर मीटर म्हणजे दुसऱ्याचें शेत; आणि जेथें जुन्या पत्र्यावरची वनहद्दीची रेषा उचलून आजच्या उपग्रहचित्रावर ठेवण्यांत येते, तेथें एखाद्याची झोंपडी व नाचणीचा तुकडा हद्दीच्या आंत किंवा बाहेर करण्यास शंभर मीटर पुष्कळ झाले. २००६ च्या कायद्यान्वयें वनहक्क मागणारा मनुष्य हातांत स्थानदर्शक यंत्र घेऊन आपल्या शेताच्या बांधावरून चालत जातो. त्याचे आंकडे १९८४ च्या पृथ्वीवरचे, कचेरींतील रेषा एव्हरेस्टच्या पृथ्वीवरची. दोहोंमधलें परिवर्तन करण्याचें राहून गेलें, तर दोघेही खरें बोलत असतां एकाचा दावा पडेल.

सर्व्हे ऑफ इंडियानें २००५ च्या नकाशाधोरणान्वयें जनतेसाठीं जी मालिका काढली ती १९८४ च्या मांडणीवर आहे, त्यामुळें नव्या पत्र्यांपुरती ही अडचण उरली नाहीं. जुने पत्रे मात्र कपाटांतून, ग्रंथालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून अजून बाहेर येत आहेत, आणि त्यांच्या छब्या घेण्याचें काम जोरांत चाललें आहे. या पत्र्यांच्या समासांत बारीक अक्षरांत प्रकाशनाचें वर्ष असतें, मोजणीचा हंगाम असतो. कांहींवर रेखांशांतून २ कला २७ विकला वजा कराव्या अशी सूचनाही छापलेली असते. शेजारचे पत्रे एकमेकांस नीट चिकटावे म्हणून छबी घेणारा पहिलें काम करितो तें हे समास कापून टाकण्याचें. ज्यांच्याकडे असे पत्रे असतील त्यांनीं छबी समासासकट घ्यावी, आणि कापलेली प्रत करावयाचीच असेल तर ती दुसरी करावी.